गणपतीच्या आधी देतो

महाराष्ट्रात रिक्षा चालवायची तर बॅज लागतो. औषधांचं दुकान काढायचं तर नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचं तर १९७२ च्या कायद्याखाली नाव नोंदवावं लागतं आणि विजेची कामं घेणाऱ्यालाही सरकारी परवाना काढावा लागतो. पण तुमच्या राहत्या घराची फरशी उखडून, नळ उपटून, भिंती खरवडून तुम्हाला सहकुटुंब मेहुण्याकडे राहायला पाठवणाऱ्या माणसाला यातलं काहीच लागत नाही. मोजायची टेप, कानामागे पेन्सिल आणि तोंडात 'होऊन जाईल, साहेब', एवढ्या भांडवलावर तो कंत्राटदार होतो. महारेरा २०१७ पासून बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करतं. मात्र ज्यात विक्रीच नाही असं दुरुस्तीचं आणि नूतनीकरणाचं काम रेरा कायद्याने स्वतःहून बाहेर ठेवलंय. म्हणजे नवं घर घेताना तुमच्या पाठीशी सरकार असतं आणि त्याच घराची मोरी फोडताना शेजारचे काका, तेही सल्ल्यापुरते.

मी हे अनुभवाने सांगतोय, पण बराचसा अनुभव शेजाऱ्यांचा आहे. अनुभव घ्यायचा तर असाच घ्यावा. भिंत त्यांची, पैसे त्यांचे आणि शहाणपण आपलं. पुण्यात नव्वदच्या दशकात उभ्या राहिलेल्या आमच्यासारख्या चार मजली इमारती आता अशा वयाला आल्या आहेत, की कुठला ना कुठला फ्लॅट कायम फोडलेला असतो. जीआयचे पाइप आतून गंजून बंद होत आलेत, मोझेकच्या फरशा पिवळ्या पडल्यात आणि वरच्यांच्या आंघोळीचे नकाशे खालच्यांच्या छतावर उमटायला लागलेत. ब्रेकरचा आवाज चुकून थांबलाच, तर लोक गॅलरीत येऊन विचारतात, "काय झालं हो?"

कंत्राटदार शोधायची आपली रीत ठरलेली आहे. ज्यांचं काम गेल्या आठवड्यात संपलं त्यांच्याकडे चहाला जायचं. ते आपल्याला बाथरूम दाखवतात. आपण चप्पल बाहेर काढून, देवळात जातो तसे आत जातो. टाइल चकचकत असतात, शॉवरवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नसतं, आणि आपण तिथल्या तिथे कंत्राटदाराचा नंबर घेतो. नव्या बाथरूमचं कौतुक करणं सोपं आहे, कारण त्यात अजून कुणी आंघोळ केलेली नसते. ते खरं कसं आहे हे दुसऱ्या वर्षी कळतं, सांध्यांमधलं ग्राउट निघायला लागलं की. तेव्हा कंत्राटदाराने दोन वर्षांपूर्वी केलेल्या कामाचा पत्ता मागावा. आणि तो मिळाला तरी त्या घरी जाऊ नये. त्यांच्या खालच्या घरी जावं आणि मान वर करून छताकडे बघावं. वरचे लोक भिडेखातर किंवा एवढा खर्च वाया गेला हे कबूल करायला नको म्हणून 'छान झालंय' म्हणतात. खालचे लोक मात्र कधी खोटं बोलत नाहीत. उलट, कुणीतरी एकदाचं विचारायला आलं याचा त्यांना इतका आनंद होतो, की ते चहाबरोबर फोटोही दाखवतात.

पहिल्या भेटीत कंत्राटदार काय करतो ते बघण्यासारखं असतं. तो आत येतो, भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करतो, नळाखाली वाकतो, मग सावकाश सरळ होतो आणि अत्यंत दुःखी चेहऱ्याने विचारतो, "हे कुणी केलं होतं?" आधीच्या माणसाला मूर्ख ठरवल्याशिवाय पुढच्या माणसाचा दर निघत नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक कंत्राटदार सात-आठ वर्षांनी पुन्हा आला. त्याने कोबा पाहिला, ढाळ पाहिला, मान हलवली आणि तोच प्रश्न विचारला. कुणी केलं होतं हे घरातल्या सगळ्यांना आठवत होतं, त्याला सोडून.

मग येतं एस्टिमेट. चांगल्या एस्टिमेटला दोन-तीन पानं लागतात. बाकीच्यांना लग्नपत्रिकेची मागची बाजू पुरते. तिथे लिहिलेलं असतं, 'बाथरूम, नग १, संपूर्ण.' या संपूर्णात काय येतं हे त्या दिवशी कुणी विचारत नाही, कारण आकडा तीन एस्टिमेटांत सगळ्यात कमी असतो. माझं मत असं आहे, की सगळ्यात कमी एस्टिमेट हे सगळ्यात स्वस्त काम नसतं, सगळ्यात जास्त गोष्टी विसरलेलं काम असतं. त्यात जुन्या टाइल काढणं विसरलेलं असतं. राडारोडा तिसऱ्या मजल्यावरून पोत्यांत भरून खाली उतरवणं आणि टेम्पोने नेणं विसरलेलं असतं. (नेणं म्हणजे कुठे नेणं, हे विचारून लेखी घ्या. पुण्यातला बराच राडारोडा रात्रीच्या वेळी नदीपात्राकडे निघतो आणि सकाळी नदीची सफाई करा म्हणून आपणच मोर्चा काढतो.) बाहेरून पाइप बदलायचा तर परांची लागते, ती विसरलेली असते. वायरिंगसाठी भिंतीला खाचे मारले की ते परत भरायचे असतात, तेही विसरलेलं असतं.

या सगळ्या विसरलेल्या गोष्टी पुढे एकेक करून आठवतात आणि त्यांना एक्स्ट्रा म्हणतात. एक्स्ट्राला स्वतःचा मुहूर्त असतो. कमोड काढून गॅलरीत ठेवलाय, पाणी बंद आहे, घरात आई आली आहे, अशा वेळी तो उगवतो. "साहेब, फोडल्यावर कळलं, आतला पाइप पूर्ण सडलाय. तुम्ही म्हणत असाल तर नाही बदलत." या शेवटच्या वाक्यातली नम्रता मला फार आवडते. गॅलरीतल्या कमोडकडे बघत 'नका बदलू' असं म्हणणारा मनुष्य अजून जन्माला यायचा आहे. फोडल्याशिवाय काही गोष्टी खरोखरच कळत नाहीत, हे कबूल करायला हवं. पण जुन्या इमारतीत पाइप सडलेला असणार हे ज्याने पंचवीस बाथरूम फोडलीत त्याला फोडण्याआधीच ठाऊक असतं. सरळ माणूस ते एस्टिमेटमध्येच लिहितो, 'पाइप खराब निघाल्यास दर फुटाला इतके'. म्हणजे भांडण आधी होतं, कमोड जागेवर असताना.

मोजमाप हा आणखी एक आनंदाचा विषय. रंगाचं माप घेताना खिडकी ही भिंत असते. ग्रिलचं बिल करताना तीच खिडकी पुन्हा खिडकी होते. खरं तर बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक आहे, आयएस १२००. त्यात कुठली खिडकी वजा करायची आणि कुठली सोडून द्यायची हेही लिहून ठेवलंय. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजा होत नाही, त्याहून मोठ्या दारं-खिडक्यांची वजावट आकाराप्रमाणे होते. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी हे सगळं रंगाऱ्याला समजावून सांगितलं. त्याने आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे काका, पण आमच्यात असं नसतं."

सुतारकामात विश्वासाचा प्रश्न प्लायवूडपाशी येऊन उभा राहतो. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांना मरीन प्लाय लावतो, असं प्रत्येक सुतार सांगतो. पुण्यापासून समुद्र लांब असला तरी सिंकखाली समुद्रच असतो, तेव्हा मागणी रास्त आहे. मरीन प्लायचं मानक आयएस ७१०. साधा कमर्शियल प्लाय ३०३ मध्ये येतो आणि तो बेडरूमच्या कपाटाला पुरतो. दोन्हींवर आयएसआयचा शिक्का आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो. तेवढं वाचायला डिग्री लागत नाही, चष्मा लागतो. पण शीट घरी येते तेव्हा आपण ऑफिसात असतो आणि संध्याकाळी येईपर्यंत शिक्क्याचा भाग नेमका कापून झालेला असतो. आयएस ७१० चा नियम असा, की नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. माझ्या वहिनीच्या सुताराने ही माहिती मोठ्या अभिमानाने दिली आणि वर म्हणाला, "वाटलं तर उकळून बघा." ही त्याची बोलायची पद्धत होती. वहिनीने त्याला आमंत्रण समजून ओंजळीएवढा तुकडा मागून घेतला आणि जुन्या पातेल्यात घालून मंद आचेवर चढवला. ७२ तास लागलेच नाहीत. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याचे चिरोट्यासारखे पापुद्रे सुटले. सकाळी तिने ते ताटात घालून सुतारापुढे ठेवले. त्याने एक पापुद्रा उचलून उजेडात धरला, बारकाईने पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, हा तुकडा मागच्या साईटचा आला बहुतेक." पुढच्या शीटा घ्यायला वहिनी स्वतः भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेली. सुतार बरोबर होता, पण पिशवी धरायला.

विजेच्या कामातही हाच न्याय. जे दिसतं ते महागातलं आणि जे दिसत नाही ते मिळेल ते. स्विच गुळगुळीत, रिमोटवर चालणारे. भिंतीच्या पोटात गीझरला चारऐवजी अडीचची वायर. टाइल आणि प्लॅस्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवावा. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो, आणि फोटो काढणारं कुणीतरी घरात आहे एवढं दिसलं तरी वायर आपोआप जाड होते.

आता गॅरंटीबद्दल. वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची गॅरंटी तोंडी मिळते आणि सढळ हाताने मिळते. देणाऱ्याचा मोबाइल नंबर दर वर्षी बदलतो, तेवढी एक अडचण. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. महाराजांनी बक्षीस विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच मागितलं असं सांगतात. साडेतीनशे वर्षांचे पावसाळे झेलून ते नाव तिथे आहे. आमच्या वरच्या मजल्यावर दहा वर्षांची गॅरंटी देणाऱ्याचं नाव बिलावरसुद्धा नव्हतं. बिलच नव्हतं. त्यापेक्षा एक साधी चाचणी बरी. कोबा झाला, की टाइल लावण्याआधी बाथरूमचं तोंड बंद करायचं, तीन-चार बोटं पाणी भरायचं आणि अठ्ठेचाळीस तास ते तसंच ठेवून खालच्या घरी बसायचं. या चाचणीला प्रत्येक कंत्राटदार हो म्हणतो. फरक एवढाच, की काही जण ती स्वतःहून सुचवतात आणि काही जण तुम्ही आठवण केल्यावर म्हणतात, "अरे साहेब, टाइल लागल्या ना सकाळीच."

एवढं सगळं करूनही आपण ज्याला पारखतो तो माणूस आपल्या घरात काम करत नाही. काम करतो मिस्त्री. त्याच्या हाताखाली बिगारी. कंत्राटदार फोनवर असतो. "साईटवरच आहे साहेब," असं तो सांगतो तेव्हा मागे कुठल्यातरी कुकरची शिटी वाजते. म्हणून मला विचाराल, तर कंत्राटदाराला काहीच विचारू नका, मिस्त्रीला विचारा: यांच्याकडे किती वर्षं आहेस? 'पाच-सहा वर्षं झाली' हे उत्तर कुठल्याही गॅरंटीपेक्षा मोठं आहे. 'परवा नाक्यावरून आणलं' असं उत्तर आलं तर कुठली मौल्यवान टाइल त्याच्या हाती द्यायची याचा विचार करा. आणि आठवड्याच्या शेवटी, खर्चीच्या दिवशी, जरा घरी थांबा. मिस्त्री तुमच्याकडे येऊन, जरा घुटमळून, "साहेब, दोन हजार मिळतील का, शेठने अजून खर्ची दिली नाही," असं म्हणाला, तर समजायचं, की तुमच्या ॲडव्हान्समधून दुसऱ्याच कुणाचं तरी ग्रॅनाइट आलंय. सोमवारी मिस्त्री येणार नाही. तो जिथे खर्ची मिळते तिथे जातो, आणि त्याचं बरोबरच आहे.

पैशाच्या बाबतीत आपण सुशिक्षित लोक अजब वागतो. भाजीवाल्याकडे कोथिंबीर फुकट मागणारा गृहस्थ कंत्राटदाराला पहिल्याच दिवशी निम्मी रक्कम देतो, तीही रोख, कारण तो म्हणाला, "बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के जीएसटी लागेल." अठरा टक्के वाचवल्याचा आनंद बाथरूम गळेपर्यंत टिकतो. मग आठवतं, की ग्राहक आयोग नावाची चीज असते. असते, आणि चांगली असते. २०१९ च्या कायद्यानुसार पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पण आयोगापुढे कागद लागतो. लग्नपत्रिकेच्या मागचा आकडा, त्यावरचे डाळीचे शिंतोडे आणि 'त्यांनी शब्द दिला होता' हे तिथे पुरत नाही. कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचा हप्ता लिहून घ्या, पैसे बँकेतून द्या, आणि तुमचे पैसे कामाच्या एक पाऊल मागे राहतील असं बघा. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. या अटीला कंत्राटदार लगेच हो म्हणाला तर आनंद माना. त्याने कुरकुर करून पाच टक्क्यांवर आणलं तरी आनंदच माना, कारण घासाघीस करणाऱ्याचा पैसे पुरे घेऊन पळायचा विचार नसतो.

राहिली तारीख. "गणपतीच्या आधी देतो," हे वाक्य मे महिन्यात उच्चारलं जातं. ते ऐकल्यावर साल विचारून घ्यावं, हा विनोद आता जुना झाला. खरी गंमत पंचांगात आहे. २०२२ मध्ये गणपती ३१ ऑगस्टला आले. २०२३ मध्ये अधिक श्रावण पडला आणि ते थेट १९ सप्टेंबरला आले. अधिक महिन्याचं वाण जावयाला मिळतं असा आपला समज आहे. त्या वर्षी ते कंत्राटदारांना मिळालं, आणि तरीही आमच्या इमारतीतल्या एका घरात मूर्ती सिमेंटच्या पोत्यांशेजारी बसली. गणपती उलटले की पितृपक्ष, त्यात नवं काम सुरू करत नाहीत. मग दसरा, मग दिवाळी, मग छठला गेलेले सुतार कधी परततात ते बघायचं. मध्ये निवडणूक लागली तर मतदानाला जायला हवंच. यातली एकही अडचण खोटी नसते. फक्त मे महिन्यात त्यातली एकही कुणाला आठवत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे गेल्या वर्षी एक जण आला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. हॉल आणि गॅलरीमधली भिंत काढून टाका, असं सांगितल्यावर त्याने छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा कागद आणा, सोसायटीची परवानगी आणा, मग बोलू." संडास कोपऱ्यातून मधे घ्यायचा होता. त्याला तो म्हणाला, "खालच्यांच्या देवघरावर येतो. मी नाही करणार." आणि गणपतीच्या आधी होईल का, असं विचारल्यावर म्हणाला, "नाही होणार. दिवाळीनंतर हात लावेन, जानेवारीअखेर देईन." घरच्यांना माणूस उद्धट वाटला. त्यांनी गोड बोलणारा दुसरा पाहिला, ज्याने प्रत्येक गोष्टीला 'होऊन जाईल' म्हटलं. त्यांचा संडास सध्या हॉलच्या जवळपास कुठेतरी आहे, खालच्यांनी सोसायटीकडे अर्ज दिलाय आणि चेअरमन दोन्ही घरांकडे चहा पिणं टाळताहेत.

तो उद्धट माणूस आमच्या शेजाऱ्यांनी घेतला. जानेवारीअखेरचं काम त्याने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिलं आणि त्या उशिराबद्दल आधी फोन केला. एका पावसाळ्यानंतर खालच्या घरी जाऊन मी मान वर करून पाहिलं आहे. छत कोरडं आहे. त्याचा नंबर मात्र कुणी मागू नये. आमच्या इमारतीत अजून पाच फ्लॅट बाकी आहेत आणि तो एका वेळी एकच काम घेतो.